जगबुडीचा इशारा प्रतीकातून कसा द्यावा

कोकणातल्या बंदरांवर वादळाची चाहूल लागली की बावटा लावतात. दिवसा उंच खांबावर शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या आकृत्या चढतात, अंधार पडल्यावर त्यांची जागा लाल-पांढरे दिवे घेतात, आणि एक ते अकरा या क्रमांकांवरून धोका किती जवळ आला आहे ते समजते. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढे कानावर आले की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. त्यासाठी कोणाला हवेच्या दाबाचा नकाशा वाचता यावा लागत नाही. हा बावटा काम करतो, कारण तो कोण लावतो हे सर्वांना माहीत असते, तो लागला की काय करायचे हे माहीत असते, आणि वादळ सरले की तो उतरतो हेही माहीत असते.

माणसाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या जागतिक संकटांचे वारे मात्र अंगाला लागत नाहीत. अण्वस्त्रे कोठारांत आणि पाणबुड्यांत असतात, कर्बवायू डोळ्यांना दिसत नाही, आणि पृथ्वीचे सरासरी तापमान अर्ध्या अंशाने वाढले हे वाक्य ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येत नाही. म्हणून गेली सुमारे ऐंशी वर्षे शास्त्रज्ञ, चित्रकार आणि साधे नागरिक या संकटांसाठी बावटे शोधत आहेत. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात, गणेशोत्सवाच्या देखाव्यात किंवा ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनाच्या कार्यक्रमात असे प्रतीक मांडण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. विद्यार्थ्यांबरोबर अशी काही प्रतीके मी बनवली आहेत, आणि त्यात झालेल्या चुकाही पुढे जागोजागी सांगितल्या आहेत.

आधी घड्याळ समजून घ्यावे

या सर्व प्रतीकांत जुने आणि प्रसिद्ध प्रतीक म्हणजे ‘डूम्सडे क्लॉक’, आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत प्रलयघड्याळ. मी त्याला जगबुडीचे घड्याळ म्हणतो, कारण हा शब्द आजीच्या तोंडीही असतो. त्यात बारा म्हणजे सर्वनाश, आणि काटा बाराच्या जितका जवळ तितका धोका मोठा. अणुबाँब तयार करणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेल्या काही शास्त्रज्ञांनी १९४५ मध्ये शिकागोत ‘बुलेटिन ऑफ द ॲटॉमिक सायंटिस्ट्स’ हे नियतकालिक सुरू केले. जून १९४७ च्या अंकापासून त्याला मासिकाचे रूप द्यायचे ठरले, आणि मुखपृष्ठाचे काम मार्टिल लँग्सडॉर्फ या चित्रकर्तीकडे आले. त्यांचे पती अलेक्झांडर हे त्याच प्रकल्पातले भौतिकशास्त्रज्ञ होते. आधी युरेनियमच्या रासायनिक चिन्हाचा विचार झाला. पण शास्त्रज्ञांच्या बोलण्यातली घाई त्या चिन्हात येत नव्हती, म्हणून त्यांनी घड्याळाचा शेवटचा चतुर्थांश काढला आणि काटा बाराला सात मिनिटे कमी असताना थांबवला. सातच का, तर चित्रात ते डोळ्यांना बरे दिसले म्हणून.

ही शेवटची गोष्ट आपल्या प्रेक्षकांपासून लपवू नये. पहिला आकडा गणिताने काढलेला नव्हता आणि आजचाही आकडा कोणत्या यंत्राने मोजलेला नसतो. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली तेव्हा संपादक यूजीन राबिनोविच यांनी काटा तीन मिनिटांवर आणला, आणि तेव्हापासून ते घड्याळ चालू लागले. १९७३ मध्ये राबिनोविच यांचे निधन झाल्यावर हा निर्णय तज्ज्ञांच्या मंडळाकडे गेला, आणि हल्ली दर जानेवारीत ते मंडळ आपली कारणे लिहून जाहीर करते. म्हणजे हा जाणत्या माणसांनी विचार करून दिलेला निवाडा आहे. डॉक्टर रुग्णाला ‘प्रकृती चिंताजनक आहे’ असे सांगतात, तेव्हा तेही थर्मामीटरवरचे वाचन नसते. तरीही आपण ते गांभीर्याने घेतो, कारण ते कोणी आणि कशावरून सांगितले हे आपल्याला ठाऊक असते.

मराठी प्रेक्षकाला हे घड्याळ समजावून सांगणे फार सोपे आहे, कारण ‘बारा वाजणे’ याचा आपल्याकडचा अर्थच सत्यानाश होणे असा आहे. परदेशी वाचकाला मध्यरात्र म्हणजे विनाश हे सांगावे लागते. आपल्याला ‘बारा वाजायला किती उरले’ एवढेच विचारले तरी पुरते. या वाक्प्रचाराचा उपयोग अवश्य करावा. माझ्या अनुभवात लांबलचक शीर्षकापेक्षा ‘जगाचे बारा वाजायला ८९ सेकंद’ हा एक ओळीचा फलक लोकांना अधिक वेळ उभे करतो. (८९ सेकंद ही जानेवारी २०२५ मधली स्थिती होती. फलक रंगवण्याआधी त्या वर्षीचा आकडा पाहून घ्यावा.)

घड्याळाचा इतिहास सांगताना सगळ्या तारखा वाचून दाखवू नयेत. चार-पाच थांबे निवडावेत. १९५३ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांच्याही हायड्रोजन बाँबच्या चाचण्या झाल्यानंतर काटा दोन मिनिटांवर होता. १९६३ मध्ये वातावरणातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि तो बारा मिनिटांपर्यंत मागे गेला. १९९१ मध्ये शीतयुद्ध संपून अण्वस्त्रकपातीचा करार झाल्यावर तो सतरा मिनिटांवर गेला, आणि यापेक्षा मागे तो कधीच गेलेला नाही. २००७ मध्ये मंडळाने हवामानबदलाचाही हिशेब त्यात धरायला सुरुवात केली. आपल्या प्रेक्षकांसमोर आणखी दोन थांबे सांगितलेच पाहिजेत: १९७४ मध्ये पोखरणला भारताची पहिली अणुचाचणी झाली त्या वर्षी काटा नऊ मिनिटांवर पुढे आला, आणि मे १९९८ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्या पाठोपाठच्या चाचण्यांनंतर तो चौदावरून पुन्हा नऊवर आला. हे सांगितल्यावर सभेत कुजबुज होते, काहींना ते रुचत नाही. तरी ते गाळू नये. दुसऱ्यांच्या बाँबविषयीच बोलणारा इशारा कोणी खरा मानत नाही.

भाकीत आणि इशारा यांत गल्लत होऊ देऊ नये

वयस्कर मंडळींना १९६२ चा फेब्रुवारी आठवत असेल. आकाशात आठ ग्रह एका राशीत येणार, त्या अष्टग्रहीने जगबुडी होणार, अशी हवा देशभर पसरली होती. ठिकठिकाणी यज्ञ झाले, लोकांनी प्रवास पुढे ढकलले. काहीच झाले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मात्र क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या तोंडाशी उभे राहिले, आणि आपल्याकडे त्याच दिवसांत चीनबरोबरचे युद्ध सुरू झाल्यामुळे बहुतेकांचे तिकडे लक्षही नव्हते. मी या दोन घटना एकाच फलकावर शेजारी शेजारी लिहितो. अष्टग्रहीच्या भाकितात तारीख होती, कारण नव्हते, आणि माणसाने करण्यासारखे काही नव्हते. क्यूबाच्या संकटाला कारण होते, ते माणसांनी निर्माण केले होते, आणि तेरा दिवसांनी माणसांनीच ते मागे घेतले. आपले प्रतीक या दुसऱ्या प्रकारचे आहे, हे पाहणाऱ्याला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळले पाहिजे. नाहीतर तो ते पहिल्या प्रकारात टाकून पुढे निघून जाईल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

जाता जाता सांगतो, त्या ऑक्टोबरात जगबुडीच्या घड्याळाचा काटा हललाच नाही. संकट आले आणि नियतकालिकाचा पुढचा अंक निघण्याआधी निवळले. विद्यार्थी हे ऐकून निराश होतात. पण ते घड्याळ रोजच्या बातम्यांचे नाही, वर्षावर्षांच्या प्रवाहाचे आहे, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

तबकडी बनवताना

मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश फिरतो, म्हणजे एका सेकंदाला अंशाचा दहावा भाग. काटा पन्नास सेंटिमीटर लांब घेतला तर त्याचे टोक एका मिनिटाला सुमारे सव्वापाच सेंटिमीटर सरकते आणि एका सेकंदाला एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. ८९ सेकंदांचे अंतर अशा तबकडीवर पावणेआठ सेंटिमीटर भरते. हा हिशेब आधी करावा, कारण ९० वरून ८९ सेकंद झाल्याचा फरक कोणत्याही तबकडीवर डोळ्यांना दिसणार नाही. तो दिसावा म्हणून काटा मुद्दाम जास्त सरकवून दाखवणे हा खोटेपणा आहे. सेकंदांचा आकडा काट्याखाली ठसठशीत लिहावा आणि काटा जिथे असायला हवा तिथेच ठेवावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मूळ चित्रात घड्याळाचा फक्त शेवटचा चतुर्थांश, म्हणजे पंधरा मिनिटांचा भाग होता. १९९१ मध्ये काटा सतरा मिनिटांवर न्यायची वेळ आली, तेव्हा तो त्या चित्राच्या बाहेर गेला. चुकीने का होईना, इतक्या चांगल्या बातमीसाठी तबकडीवर जागाच ठेवलेली नव्हती. आपण तबकडी काढताना निदान तीस मिनिटांचा भाग, म्हणजे सहापासून बारापर्यंतची डावी बाजू पूर्ण काढावी. बारा ते अकरा लाल, खाली उतरत नारिंगी, पिवळा आणि आठच्या खाली हिरवा अशी रंगसंगती ठेवली, की काटा कुठे आहे यापेक्षा तो कुठे जाऊ शकतो हे लोकांच्या आधी लक्षात येते. सतरा मिनिटांच्या जागी ‘१९९१’ आणि बारा मिनिटांच्या जागी ‘१९६३’ लिहावे. काटा तिथवर गेला होता याचा तो पुरावा आहे. माझ्या मते सगळ्या देखाव्यात सर्वांत मोलाचे काही असेल तर ते हे दोन आकडे आहेत.

साहित्य साधे लागते: तबकडीसाठी बारा मिलिमीटरचा प्लायवूड, काट्यासाठी ॲल्युमिनिअमची पट्टी, मधोमध नट-बोल्ट. पहिल्या वर्षी आम्ही काटा एकाच बोल्टवर, एक वॉशर घालून बसवला होता. सकाळी दीड मिनिटावर ठेवलेला काटा पट्टीच्या वजनाने आणि शेजारच्या पंख्याच्या वाऱ्याने हळूहळू डावीकडे कलत गेला, आणि दुपारी जेवून परत आलो तेव्हा तो तेरा मिनिटांच्या आसपास होता. नववीतली एक मुलगी समोर उभी होती. तिने विचारले, “सर, कोणता करार झाला?” सकाळी तिने सगळा मजकूर वाचला होता, आणि काटा मागे जातो तो कराराने, हे तिने मनात पक्के धरले होते. त्या प्रश्नाने मला प्रतीकाची ताकद कळली आणि जबाबदारीही. तेव्हापासून काट्याच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर, मागे दोन नट एकमेकांवर आवळून, आणि काट्याच्या आखूड टोकाला तोल साधेल इतके वजन, एवढे झाल्याशिवाय तबकडी बाहेर नेत नाही. काटा हलला तर तो कोणीतरी कारणासह हलवलेला असला पाहिजे.

घड्याळाखेरीज काय करता येईल

प्रत्येक ठिकाणी घड्याळच मांडावे असे नाही. हिरोशिमाच्या शांती स्मारक संग्रहालयात ६ ऑगस्ट २००१ पासून एक वेगळे घड्याळ आहे. त्यावर दोन आकडे असतात: हिरोशिमावर बाँब पडल्याला किती दिवस झाले, आणि जगात कुठेही शेवटची अणुचाचणी झाल्याला किती दिवस झाले. चाचणी झाली की दुसरा आकडा पुसून पुन्हा मोजणी सुरू होते. कारखान्यांच्या फाटकावर ‘शेवटचा अपघात होऊन इतके दिवस झाले’ असा फलक आपण पाहिलेला असतो, तसेच हे आहे. ही कल्पना फळा आणि खडूवर उतरवता येते, खर्च काहीच नाही, आणि रोज सकाळी आकडा बदलण्याची पाळी मुलांना वाटून देता येते. त्याच शहरात १ ऑगस्ट १९६४ रोजी पेटवलेली शांतिज्योत आहे. पृथ्वीवरचे शेवटचे अण्वस्त्र नाहीसे होईल त्या दिवशी ती विझवायची, असा संकल्प आहे. ज्योत सहसा अखंड तेवावी म्हणून लावतात. ही विझावी म्हणून लावली आहे.

तापमानवाढीसाठी मला सर्वांत परिणामकारक वाटते ती गोधडी. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये तापमानाच्या पट्ट्या प्रसिद्ध केल्या: एका वर्षाला एक उभी पट्टी, सरासरीपेक्षा थंड वर्ष निळे, उष्ण वर्ष लाल, आणि अक्षर वा आकडा एकही नाही. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की निळ्याचे लाल होत गेलेले दिसते. आपल्याकडे हे कापडात करण्यासारखे आहे, कारण जुन्या साड्यांत निळ्या-लालाच्या हव्या तेवढ्या छटा सापडतात. भारतीय हवामान विभागाची देशाच्या सरासरी तापमानाची नोंद १९०१ पासून आहे. २०२४ पर्यंत धरले तर १२४ पट्ट्या होतात. शिवल्यावर प्रत्येक पट्टी दोन सेंटिमीटर दिसावी अशी धरली तर गोधडी २४८ सेंटिमीटर भरते. शिलाईत दोन्ही कडांचा अर्धा अर्धा सेंटिमीटर जातो, म्हणून कापताना तीन सेंटिमीटर कापावे. कोणत्या तीस वर्षांची सरासरी आधाराला धरली ते मागच्या बाजूला लिहावे, आणि छटा सहा ते आठच ठेवाव्यात. त्याहून जास्त केल्या तर शिवणाऱ्यांचा गोंधळ होतो आणि पाहणाऱ्याला फरक कळत नाही. सगळ्यांत गडद लाल मात्र २०२४ साठी राखून ठेवावे, कारण नोंदी सुरू झाल्यापासूनचे ते देशातले सर्वांत उष्ण वर्ष आहे. खालच्या काठाला दर दहा वर्षांनी एक पांढरी गाठ मारली की बायका आपले जन्मवर्ष, लग्नाचे वर्ष, मुलाच्या जन्माचे वर्ष बोटाने शोधू लागतात. त्या क्षणी आलेख त्यांचा होतो. व्याख्यान त्यानंतर द्यावे, आधी नाही.

अण्वस्त्रांची संख्या कानांनी ऐकवता येते. त्यासाठी ज्वारी, सूप आणि पितळेची परात एवढेच लागते. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था दरवर्षी जगातल्या अण्वस्त्रांचा अंदाज प्रसिद्ध करते. जानेवारी २०२५ साठी तो १२,२४१ होता. मुलांकडून ज्वारीचे हजार दाणे मोजून घ्यावेत आणि वजन करावे. आमच्या तराजूवर ते ३१ ग्रॅम भरले, म्हणजे १२,२४१ दाणे पावणेचारशे ग्रॅमच्या थोडे वर जातात. सभागृहात शांतता झाल्यावर आधी एकच दाणा परातीत टाकावा आणि सांगावे, हे हिरोशिमा. त्या एका बाँबने १९४५ संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे गेली. ‘टक्’ असा तो आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. मग दुसरा दाणा, नागासाकी. मग काही न बोलता उरलेली ज्वारी सुपातून बारीक धारेने सोडावी. धार एक-दीड मिनिट तरी चालली पाहिजे, म्हणून सुपाचा कोपरा हाताने आवळून धरावा. आजची बहुतेक अस्त्रे त्या दोन बाँबांपेक्षा कितीतरी अधिक संहारक आहेत, हे धार थांबल्यावर सांगावे.

इथे थांबू नये. शेजारी आधीच मोजून ठेवलेली दोन किलोपेक्षा थोडी जास्त ज्वारी एका पिशवीत असावी. १९८६ मध्ये जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रे होती. ती पिशवी म्हणजे तो साठा. ती मुलांच्या हातात द्यावी, मग परात द्यावी. पिशवीतून परातीपर्यंतचा फरक करारांनी, तपासण्यांनी आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी घडवला आहे. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा पिशवी नव्हती, आणि परातीतला आवाज थांबल्यावर मुले गप्प घरी गेली. एका पालकांनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले की मुलगा रात्री झोपला नाही. त्यांचे म्हणणे बरोबर होते. दहा वर्षांखालील मुलांसमोर हा प्रयोग मी आता करत नाही. त्यांच्याबरोबर कागदाचे करकोचे करतो आणि सदाको सासाकीची गोष्ट सांगतो. बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि १९५५ मध्ये बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या वर्गमित्रांनी पैसे जमवायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये हिरोशिमाच्या उद्यानात मुलांचे स्मारक उभे राहिले. परातीतली आणि पिशवीतली ज्वारी मात्र नंतर पाखरांना घालावी. अन्न वाया घालवून कोणालाही शहाणपण सांगता येत नाही.

मोठ्या खर्चाच्या प्रतीकांतूनही शिकण्यासारखे आहे. कलावंत ओलाफुर एलियासन यांनी डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडच्या बर्फाच्या बारा लाद्या चौकात घड्याळासारख्या वर्तुळात मांडल्या आणि लोकांना त्या हात लावून वितळताना पाहू दिल्या. मालदीवच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००९ मध्ये समुद्राच्या तळाशी बसून बैठक घेतली. आइसलंडमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये नाहीशा झालेल्या ओक हिमनदीच्या जागी धातूचा फलक बसवला, त्यावर भावी पिढीला पत्र लिहिले आणि त्या वेळचे हवेतले कर्बवायूचे प्रमाण कोरले. तिन्ही ठिकाणी वस्तू किंवा जागा खरी आहे, प्रतिकृती नाही. म्हणून थर्मोकोलचा हिमनग करण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्या गावात खरे काय आहे ते शोधावे: आटलेल्या विहिरीच्या काठावर जुन्या पाणीपातळीची रेघ, किंवा वादळात पडलेल्या झाडाचे खोड. मात्र त्या विहिरीचे पाणी तापमानवाढीने गेले की बेसुमार उपशाने, याची खात्री करून मगच तिला साक्षीला बोलवावे.

उलटी मोजणी करणाऱ्या घड्याळांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये असे हवामान-घड्याळ सुरू झाले. दीड अंश तापमानवाढीची मर्यादा पाळायची तर किती वेळ उरला आहे ते त्यावर दिसते, आणि आरंभी त्यावर सात वर्षे आणि १०३ दिवस होते. दिल्लीत सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेच्या मुख्यालयातही एप्रिल २०२४ मध्ये मोठे हवामान-घड्याळ बसले. ही घड्याळे लक्ष वेधतात यात शंका नाही. पण शून्य आले आणि त्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला, की लोक त्याला अष्टग्रहीच्या रांगेत बसवतील, ही मला काळजी आहे. उलटी मोजणी लावायचीच असेल तर शेजारी ठळक लिहावे की शून्य म्हणजे जगाचा शेवट नव्हे, ती एका मर्यादेची तारीख आहे, आणि त्यानंतरचा अंशाचा प्रत्येक दहावा भागही वाचवण्यासारखा आहे.

भीती किती, मजकूर किती

प्रतीक कधीही खऱ्या धोक्याच्या सूचनेसारखे दिसू किंवा वाजू नये. भोंगा वाजवू नये, मोबाइलवर ‘तातडीचा इशारा’ अशा थाटाचा संदेश पाठवू नये, अंगाला लाल रंग फासून रस्त्यावर झोपू नये. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश चुकून सर्वांच्या फोनवर गेला आणि तो चूक होता हे सांगायला ३८ मिनिटे लागली. त्या ३८ मिनिटांत लोकांनी मुलांना गटारांच्या झाकणांखाली उतरवले. अशी घबराट जाणूनबुजून निर्माण करणाऱ्याला पुढच्या खऱ्या इशाऱ्याच्या वेळी कोणी ऐकणार नाही. सार्वजनिक जागेत मांडणी करायची असेल तर पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची आणि पोलीस ठाण्याची परवानगी लेखी घ्यावी, आणि गणेश मंडळाच्या देखाव्यात जागा मिळाली तर ती आनंदाने घ्यावी. दहा दिवसांत जेवढी माणसे तिथे येतात तेवढी कोणत्याही व्याख्यानाला येत नाहीत.

प्रतीकाशेजारचा मजकूर दोनशे शब्दांच्या आत ठेवावा. त्यात चार गोष्टींची उत्तरे असली की झाले: हे कशाचे चिन्ह आहे, आकडा कोणी आणि कधी ठरवला, तो कशामुळे पुढे सरकला, आणि तो कशामुळे मागे जातो. चौथे उत्तर लिहिताना सर्वाधिक वेळ द्यावा, कारण इथेच बहुतेक मंडळी ‘जागे व्हा’ वगैरे लिहून मोकळी होतात. ‘जागे व्हा’ हे वाचून जाग्या माणसाला पुढे काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी नेमके लिहावे. उदाहरणार्थ, भारताने १९९८ पासून अणुचाचणी केलेली नाही, ही स्वतःहून घातलेली बंदी आहे, आणि ती टिकावी असे आपल्या खासदारांना पत्राने कळवता येते. कोरे पोस्टकार्ड आणि खासदारांच्या कार्यालयाचा पत्ता टेबलावर ठेवावा. तापमानवाढीबद्दल असेल तर आपल्या पालिकेच्या किंवा पंचायतीच्या कारभारातली एक ठरावीक गोष्ट मागावी: दिवे, पाण्याचे पंप, कचरा जाळणे यांपैकी जे गावात चालू असेल ते.

मांडणीजवळ दोन माणसे कायम असावीत. लोक विचारतात ते प्रश्न पुष्कळदा तेच असतात, आणि ‘हे आम्हाला सांगून काय उपयोग, बाँब काय आमच्या हातात आहेत?’ हा पहिला असतो. यावर वाद घालू नये. पिशवी आणि परात हातात द्यावी, किंवा तबकडीवरचा १९९१ दाखवावा. ‘आपण अण्वस्त्रे टाकून दिली आणि शेजाऱ्याने नाही, तर?’ हा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याचे सोपे उत्तर नाही. करारांत दोन्ही बाजूंची तपासणी का असते, हे सांगण्याची तयारी करून यावे. उत्तर येत नसेल तर प्रश्न वहीत लिहून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी फलकावर उत्तर लावावे. आमच्या वहीतले जवळजवळ निम्मे प्रश्न पुढच्या वर्षीच्या मजकुरात गेले आहेत.

प्रदर्शन संपल्यावर तबकडी मोडू नये. ती शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर, येता-जाता दिसेल अशा उंचीवर टांगावी आणि काटा हलवण्याचा एक दिवस ठरवावा. बुलेटिनची घोषणा जानेवारीत होते, म्हणून २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतरच्या आठवड्यातला दिवस सोयीचा पडतो. त्या दिवशी वर्गातल्या एकाने बुलेटिनच्या मंडळाने दिलेली कारणे मराठीत वाचून दाखवावीत, दुसऱ्याने जुन्या जागी पेन्सिलीने वर्ष लिहावे, आणि तिसऱ्याने मागचे दोन्ही नट सैल करून काटा नव्या जागी आणावा. मग नट पुन्हा आवळावेत, आणि काटा बोटाने हलवून पाहावा.